आरशावरच्या दोन टिकल्या

जहाजावर हजारभर माणसं होती आणि त्यातलं एकच माणूस कावरंबावरं दिसत होतं. ते म्हणजे सांगलीच्या वृषाली मगदूम. बाकी सगळे कठड्याला रेलून नॉर्वेचे डोंगर बघत होते, चेहऱ्यावर असा निवांतपणा की नुकतीच पोटभर जेवून झोप झालेली असावी. डोंगरही बघण्यासारखेच होते. काळे कडे थेट पाण्यातून वर उठलेले, माथ्यावर जूनमध्येही बर्फ आणि कड्यांवरून जागोजागी पांढऱ्या धारा. वृषालीला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिची नजर लेकीवर खिळलेली होती.

लेक ऋजुता, सव्वीस वर्षांची, पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांची डॉक्टर. पंधरा दिवसांची रजा मिळाली होती आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. ती एका बाजूला उभी राहून सफरचंद खात होती.

“तिचं काहीतरी बिनसलंय,” वृषाली नवऱ्याला म्हणाली.

सुकुमार मगदूम हळदीचे व्यापारी. भाव पडो, चढो, पूर येवो, या माणसाच्या कपाळावर आठी म्हणून नाही. “आलं का तुझं परत? चार दिवस झाले ऐकतोय.”

“चार दिवस झाले आणि ती माझ्याशी एकदाही भांडली नाही.”

“मग बरंच आहे की. लोकांच्या मुली भांडतात म्हणून लोक रडतात.”

“अहो, काल तिचा फोन समुद्रात पडला. काय म्हणाली? जाऊ दे म्हणाली. हीच ना ती, बारावीला पेन हरवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं? परवा मी केसांना तेल लावायला घेतलं तर मुकाट्याने बसली. ऋजुता आणि मुकाट्याने? ती सोमवारी कामावर जायच्या आत मला कळलं पाहिजे काय झालंय ते. तिथे एकदा गेली की महिना महिना हाताला लागत नाही.”

सुकुमारने डोंगराकडे बघतच सांगितलं, “तू ती टिकली लाव. सगळ्यांनी लावलीये. तिला काही झालेलं नाही, जे काही होतंय ते तुला होतंय.”

हे वाक्य वृषालीने लग्नाच्या सत्तावीस वर्षांत निरनिराळ्या शब्दांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की आता तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

टिकली म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्राला लागूनच, तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. जहाज डोललं की ते मेंदूला कळवतं, अरे, सगळं हलतंय. डोळे म्हणतात, खोली तर जागच्या जागी आहे. या दोघांच्या भांडणात पोटातलं बाहेर येतं, त्यालाच आपण बोट लागणं म्हणतो. त्यावर कुणीतरी कानामागे चिकटवायची एक चकती काढली, कातडीच्याच रंगाची. ती विजेचे अगदी बारीक ठोके देऊन तोलाच्या नसेला गप्प बसवते. मेंदूला वाटतं, जमीन स्थिर आहे, आणि पोट शांत होतं.

इथवर ठीक होतं. पण मेंदूत तोलाचा आणि भीतीचा शेजार आहे. उंचावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो तो त्यामुळेच, आणि पाळणा हलवला की रडणारं पोर झोपतं तेही त्यामुळेच. एकाला गप्प केलं की शेजारीही गप्प होतो. चकती लावलेल्या खलाशांना घरची आठवण येईनाशी झाली, तेव्हा हे कंपनीच्या ध्यानात आलं. मग तिने चकतीला आणखी एक काम शिकवलं. माणसाची नाडी, घाम आणि स्नायूंचा ताण मोजायचा आणि अंगात जेवढी खळबळ असेल तेवढा जोर लावायचा. खळबळ वाढली की जोर वाढवायचा, पण एकदम नाही, थोडा थोडा. एकदा चढलेला जोर चकती लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करते.

पाच-सहा वर्षांत ती बोटीवरून उतरून गावात आली. परीक्षेला बसणारी मुलं लावू लागली, कोर्टात उभे राहणारे वकील लावू लागले. इस्पितळांनी तर आपल्या डॉक्टरांना ती फुकट दिली, वर कौतुकाने जाहीर केलं की आमच्याकडे कुणी थकत नाही. ऋजुता आठ महिने लावत होती. सांगलीला सुटीत आली की कानामागे दिसायची, पण नव्या पोरींच्या अंगावर काय काय चिकटवलेलं असतं, त्यात ही एक म्हणून कुणी विचारलं नाही. जहाजावर तर प्रत्येकाच्याच कानामागे होती.

फक्त दोघींच्या नव्हती. एक वृषाली आणि दुसऱ्या अक्का, म्हणजे सुकुमारची थोरली बहीण. अक्कांची तऱ्हा वेगळी. नऊवारीखाली गरम पायजमा, वर माकडटोपी आणि पिशवीत सांगलीचं भडंग, अशा थाटात त्या उत्तरेकडच्या समुद्रावर आल्या होत्या. सूर्य मावळला की काही खायचं नाही हा त्यांचा जुना नेम. इथे सूर्य मावळायचं नावच घेईना. पहिल्या दिवशी त्या रात्रभर उजेडात बसून राहिल्या, खावं की नाही ते कळेना. शेवटी त्यांनी नेम सांगलीच्या सूर्यावर बसवला. त्यामुळे दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे सांगलीत दिवस मावळायच्या जरा आधी, लोक कॉफी पीत असताना, अक्का संध्याकाळचं जेवण उरकत.

“मला नको तुमची ती चकती,” अक्का म्हणाल्या होत्या. “या वयात मला जरा भीती वाटते म्हणूनच मी जिना धरून उतरते.”

वृषालीने मात्र त्या दिवशी हार मानली. घरातल्या शांततेसाठी बायका काय काय करतात, त्यातलंच हे. स्वागतकक्षात जाऊन टिकली आणली आणि कानामागे लावली. डोलणं थांबलं, डोकं हलकं झालं, जेवण चवीला लागलं. पण ऋजुताकडे बघितलं की आत जे टोचत होतं ते टोचतच राहिलं.

“तुझ्यावर टिकलीचासुद्धा इलाज चालत नाही,” सुकुमार हसून म्हणाला. वृषालीने त्या हसण्याचा राग गिळला.

ही टिकली रोज तासभर काढून ठेवावी लागे, कातडीला हवा लागायला. कंपनीने प्रत्येकाला नाव घातलेली डबी दिली होती. सुकुमारची टिकली शिस्तीत डबीत जाई. पण ज्या इंजिनिअरांनी हे सगळं बनवलं त्यांच्या घरात बहुतेक कुणी कपाळाला टिकली लावत नसावं. वृषालीचा हात आंघोळीआधी कपाळाकडे गेला, मरून रंगाची टिकली काढून आरशाला चिकटवली, आणि तोच हात कानामागे जाऊन ही दुसरीही तिथेच चिकटवून मोकळा झाला. सांगलीच्या घरी आरशाच्या कडेला टिकल्यांची रांगच असते. लेकही तेच बघत वाढलेली. दोन खोल्यांना मिळून मधे एकच न्हाणीघर होतं, एका खोलीत नवराबायको आणि दुसऱ्या खोलीत अक्का आणि ऋजुता. तिने ती लावायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वाफेने धुरकटलेल्या त्या आरशावर कातडीच्या रंगाच्या दोन चकत्या शेजारी शेजारी होत्या. वृषालीने हाताला लागली ती उचलली.

लावल्यावर दोन मिनिटांत तिला फार बरं वाटलं. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. खांदे खाली आले. बाहेर येऊन ती डेकवर बसली. एक कडा गेला, दुसरा आला, किनाऱ्यावर लाल रंगाची लाकडी घरं आणि लाकडी मांडवांवर वाळत घातलेले मासे दिसले. अक्कांनी नाकाला पदर लावला. वृषालीला वासही येत होता आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. जेवताना ऋजुताचा हात थरथरत होता, चमचा ताटलीवर वाजत होता. वृषालीने ते बघितलं. ऋजुता म्हणाली, “मी जरा पडते,” आणि उठून गेली. वृषालीने भाताचा पुढचा घास घेतला.

तीनच्या सुमाराला जहाज खाडीतून मोकळ्या समुद्रात शिरलं आणि एका बाजूला कललं. अक्का जेवण आटोपून ताटली ठेवायला उठल्या होत्या. त्यांचा पाय घसरला आणि कपाळ बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं. भुवईवरून रक्ताची धार लागली.

वृषाली समोरच बसून केक खात होती. अक्का पडल्या, हे तिला दिसलं. लागलंय, हेही कळलं. उठायला हवं असा विचारही मनात आला, पण दुकानाची पाटी वाचून पुढे जावं तसा तो आला आणि गेला. तिने केकचा आणखी एक तुकडा तोडला.

“वृषाली, अगं हात दे.”

तिने केक खाली ठेवला, बोटं पुसली, मग हात दिला. अक्का कशाबशा उठून बसल्या, पदराने कपाळ दाबलं आणि भावजयीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हीच वृषाली अक्कांना साधा ठसका लागला तरी स्वयंपाकघरातून पळत येई.

“तुझं तोंड ऋजुतासारखं दिसतंय,” अक्का म्हणाल्या. “काय लावलंयस ते काढ आधी.” आणि वाट न बघता त्यांनीच हात घालून टिकली ओरबाडून काढली.

डेक गरकन फिरला. वृषालीने बाक घट्ट धरलं. मग आधी लाज आली, पाठोपाठ भीती, आणि मग सगळंच एकदम अंगावर आलं. अक्कांच्या कपाळावरचं रक्त आता तिला खरोखर दिसलं. तिने रुमाल काढून जखमेवर दाबला, वेटरला हाक मारली, अक्कांची दहादा माफी मागितली. हे करता करताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कालपर्यंत तिच्या टिकलीने असं कधी केलं नव्हतं. म्हणजे ही तिची नव्हतीच. हिच्यात एवढा जोर चढलाय तो ज्या अंगासाठी चढलाय, त्या अंगात काय चाललं असेल?

“मी आहे इथे, हा पोरगा पट्टी बांधेल,” अक्का म्हणाल्या. “तू तिच्याकडे जा.”

ऋजुता न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. गुडघे छातीशी, दात वाजत होते. कानामागची टिकली तिने काढून हातात धरली होती.

“ही तुझी आहे,” ती म्हणाली. “मला आत्ता कळलं. आई, हिच्यात जवळजवळ काहीच नाही गं. माझी कुठे आहे?”

वृषालीने तिच्या शेजारी बसकण मारली. अक्कांकडून घेतलेली टिकली वृषालीच्या मुठीत होती, पण तिने ती दाखवली नाही. तिने लेकीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ऋजुताने तो झटकला.

आवाज ऐकून सुकुमार आला आणि पोरीची दशा बघून जहाजाच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. अंगाने उंच, आवाजाने शांत बाई. त्यांनी दोन्ही टिकल्या आपल्या यंत्राला लावून बघितल्या. आईची दहापैकी दोनवर होती. लेकीची साडेनऊवर.

“दोन?” सुकुमारने पुन्हा विचारलं. “हिची दोन?”

डॉक्टरीणबाईंनी त्याचीही तपासली. घरातल्या सगळ्यात निवांत माणसाचा आकडा सहा निघाला. वृषालीला त्या क्षणी ते नवऱ्याला ऐकवायची इच्छा झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. टिकली आहे तशी परत लावली तर दहा मिनिटांत मुलगी उठून जेवायला येईल. एकदम बंद केली तर मात्र आठवडाभर पायाखालची जमीन फिरत राहील, म्हणून तसं करायचं नाही. दुसरा रस्ता म्हणजे रोज थोडी उतरवायची. त्याला महिना-दीड महिना लागेल. तेवढ्या दिवसांत, इतके दिवस जे जे दाबलं गेलंय ते वर येईल. कामावर जाता येणार नाही आणि सोबत सतत कुणीतरी लागेल. “तिने ठरवायचंय,” त्या म्हणाल्या आणि टिकल्या वृषालीच्या हातात देऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

“आहे तशीच लावायची,” ऋजुता म्हणाली. “सोमवारी मला हजर व्हायचंय.”

“अगं दे तिला,” सुकुमार म्हणाला. “बघवत नाही मला. घरी गेल्यावर बघू काय करायचं ते.”

“घरी ती येणार नाही,” वृषाली म्हणाली. “पुण्याला जाईल. आणि पुढच्या वेळी आपण मेलो तरी ‘बरं’ म्हणेल.”

“तू आयुष्यभर काळजी करत आलीस,” ऋजुताचा आवाज चिरकला. “शाळेची बस पाच मिनिटं उशिरा आली की तू रस्त्यावर उभी. मला नको होतं तसं जगणं. मला तुझ्यासारखं व्हायचंच नव्हतं. तिकडे रोज पोरं मरतात, कळतंय का तुला? दे ती इकडे.”

हे वर्मी लागलं. वृषालीच्या डोळ्यात पाणी आलं, पण मूठ सुटली नाही.

“सकाळपासून ही मी लावली होती,” ती म्हणाली. “जेवताना तुझा हात थरथरत होता, ते मी बघितलं आणि भात खाल्ला. अक्का माझ्यासमोर पडल्या. कपाळ फुटलं. मी केक खात होते. तुकडा तोडला आणि तोंडात घातला. ऋजू, मला भीती वाटली नाही गं. काहीच वाटलं नाही. आता अंगावर काटा येतोय.”

ऋजुताने टिकलीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“मी दही मागून घेतलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“मार्चमध्ये. तासगावचं बाळ होतं, अर्णव नाव. दोन वर्षांचं. आमचं काही चुकलं नाही, सगळं केलं, पण गेलं. मी बाहेर येऊन त्याच्या आईला सांगितलं. ती मला म्हणाली, डॉक्टर, जाताना तो रडला का? मला हाक मारली का? मी म्हटलं, नाही, शुद्ध नव्हती. आणि घड्याळ बघितलं. ती बघत होती मी घड्याळ बघताना. मग मी कॅन्टीनमध्ये गेले आणि जेवले. दही मागून घेतलं. मला कळत होतं, वाईट वाटायला पाहिजे. रोज आठवण करून द्यायचे स्वतःला, की वाईट वाटायला पाहिजे. वाटलंच नाही. आज दुपारी वाटलं. एकदम. आई, ती माझ्याकडे कशी बघत होती गं.”

आणि मग ती रडली. आठ महिन्यांचं रडणं होतं, ते काही मुळूमुळू येत नाही. सुकुमार दारातच उभा राहिला. त्याने कानामागे हात नेला, स्वतःची टिकली काढली, आणि क्षणभरात जहाजाच्या डोलण्याने पांढराफटक पडून चौकटीला टेकून खाली बसला. “मी आलो असतो पुण्याला,” तो म्हणत राहिला. “एक फोन करायचा होतास. मी आलो असतो.”

वृषालीचं मन ओरडून सांगत होतं, ही चकती समुद्रात फेक, पोरीला सांगलीला ने, दार लावून घे. तिला तेच करायचं होतं. पण लेक सव्वीस वर्षांची होती आणि ठरवायचं तिनेच होतं. वृषालीने मूठ उघडली आणि हात पुढे केला.

ऋजुताने टिकली घेतली. उलटसुलट करून बघितली. हिने ही आता लावली तर आपण काय करणार आहोत, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

“डॉक्टरांना आत बोलवा बाबा,” ऋजुता शेवटी म्हणाली. “आज आठवर आणा म्हणावं. आणि सोमवारी इस्पितळाला मी फोन करीन. तुम्ही नका करू.”

“आणि मग?”

“मग तासगाव. टिकली पुरती उतरल्यावर. मला त्या बाईकडे जायचंय.”

“ती तुला दारात उभी करायची नाही,” वृषाली म्हणाली.

“नको करू दे. पण मला एकदा नीट सांगायचंय तिला. तेव्हा नीट सांगितलंच नाही.” तिने ओढणीने तोंड पुसलं, सरळ बसली आणि आईकडे वळली. “तू बस तिच्या जागी. मी सांगून बघते.”

जे वाक्य आयुष्यात कधी कानावर पडू नये म्हणून ती इतकी वर्षं रस्त्यावर उभी राहत आली होती, तेच आता पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं. नको म्हणावं असं फार वाटलं. पण ती सरकली, पोरीच्या समोर फरशीवर मांडी घालून बसली, आणि हात मांडीवर ठेवून तासगावच्या त्या अनोळखी बाईची झाली.

मार्चमध्ये ऋजुताने हे एका दमात सांगितलं होतं, न अडखळता. आता तिने दोनदा घसा खाकरला.

“ताई,” ती म्हणाली. “तुमचा अर्णव...”

पुढचं तिला बोलता येईना. तिने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा त्याच नावाशी अडली. वृषाली समोर बसून राहिली. तिने घाई केली नाही.